टाकी धुतली, मान तशीच

बसा, चहा घ्या. साखर कमी आहे, तोंड वाकडं करू नका, कारण सांगतोच. मी आयुष्यात माती बऱ्याचदा खाल्ली आहे, पण एका मानेपायी अख्ख्या सोसायटीची पाण्याची टाकी उपसायला लावली, तसा पराक्रम पुन्हा जमायचा नाही. आमच्या इंदिरानगरात अजून लोक मला बघून टाकीकडे बघतात.

आधी एक समजून घ्या. पंचवटीत माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. पाइप, फिल्टर, मोटारी, सगळं. शेतकरी बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन येतात, मी ती बाटली उजेडात धरतो, डोळे बारीक करतो आणि सांगतो, "क्षार जास्त आहेत, ड्रीपर तुंबणार." आणि खरंच तुंबतात हो! त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ पाण्यात असतं, असं माझं प्रामाणिक मत झालं होतं. केस गळतात? पाणी. डाळ शिजत नाही? पाणी. शेजारच्या घरात नवरा-बायकोचं पटेना, तेव्हा त्यांनाही मी एकदा बोअरचं पाणी तपासून घ्या म्हणालो होतो.

तर आमची सई. पाचवीत आहे. गोल, गोबरी, हसरी. लहानपणापासून तिला बघून लोक म्हणायचे, खात्यापित्या घरची दिसते. आणि मला ते माझंच कौतुक वाटायचं.

एक दिवस ही पोरगी शाळेत केस मोकळे सोडून निघाली. नाशिकच्या शाळेत, पाचवीत, केस मोकळे! मनीषा, म्हणजे आमची बायको, वेणी घालायला गेली तर पोरगी मान धरून बसली. "नको ना आई. आणि मी गॅदरिंगच्या नाचातही नाहीये."

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. कोळीनृत्य होतं. त्यात अंबाडा घालायचा, म्हणजे मान उघडी. आणि सईच्या मानेवर मागच्या बाजूने काळपट पट्टा आला होता. बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मान घासत जा गं. झालं. मागच्या बाकावरच्या मुलींनी तिचं नाव ठेवलं, मळकी.

तेव्हा माझी आई सटाण्याकडून आमच्याकडे राहायला आली होती. तिने पदर खोचला. म्हणाली, "मळ शे तो. घासल्याबिगर नाय निघत." आधी बेसन आणि साय. मग लिंबू. मग टाचा घासायची वजरी. बाथरूममधून सई ओरडायची, "आजी, आग होतेय," आणि आजी म्हणायची, "होऊ दे, निघून ऱ्हायला तो."

काही निघत नव्हता. मान लालभडक, आणि लालीच्या खाली काळा पट्टा जसाच्या तसा.

एका संध्याकाळी सई टॉवेल गुंडाळून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मी रोज आंघोळ करते. मी घाणेरडी नाहीये."

लेकीने असं सांगावं, आणि बापाने ऐकावं? मी तिला जवळ घेतलं आणि मनाशी ठरवलं, याचा छडा लावायचा. आणि तिथेच माझं डोकं चालू झालं. ते बंद राहिलं असतं तर बरं झालं असतं.

विचार बघा माझा. घासून जात नाही, म्हणजे मळ नाही. इथपर्यंत बरोबर होतं. इथे थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला किस्सा उरला नसता. पण मळ नाही तर काय? थर. कसला थर? क्षारांचा! पाइपला आतून बसतो, तसा पोरीला बाहेरून बसलाय.

मनीषा म्हणाली, "अहो, आधी डॉक्टरांना दाखवू या का?"

"डॉक्टर मलम देतील. मूळ कुठंय? पाण्यात."

"तुमचं सगळंच पाण्यात असतं."

मी लक्ष दिलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: आपापल्या मुलांच्या माना मागून तपासा, आणि काळ्या दिसल्यास कळवा. अर्ध्या तासात फोटो यायला लागले. खालच्या मजल्यावरचा ओम. वरच्या मजल्यावरची जुळी. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनमध्ये इतक्या माना जमल्या की दुकानात एका गिऱ्हाइकाला फिल्टरचा फोटो दाखवायला गेलो आणि मान दाखवली.

आता मला सांगा, एकाच टाकीचं पाणी, आणि एकाच इमारतीतल्या इतक्या मुलांच्या माना काळ्या. तुम्हाला काय वाटलं असतं? पाणीच ना? ही सगळी पोरं एकाच गाड्यावरचे वडापाव खातात, एकाच दुकानातले कुरकुरे आणतात आणि एकाच पद्धतीने सोफ्यावर लोळतात, हे मला दिसत होतं. पण ते मला कारण वाटलं नाही, बालपण वाटलं.

आमचे सेक्रेटरी देवरे सर. निवृत्त गणित शिक्षक. शांत माणूस, पण शंका काढण्यात पटाईत. ते म्हणाले, "निकमशेठ, टाकी गणपतीच्या आधीच धुतली आहे."

"सर, तुम्ही गणिताचे. पाण्याचं माझ्यावर सोडा."

"पाण्यामुळे असेल तर मोठ्यांच्या माना काळ्या का नाहीत?"

"मुलांची कातडी कोवळी असते ना सर."

हे उत्तर माझ्या तोंडून इतकं झटकन आलं की मलाच ते पटलं.

मग काय, माझी गाडी सुटली. टाकी उपसली, घासली, चुना मारला. मान तशीच. मग म्हटलं दोष पाइपात असणार. पार्किंगमधली फरशी उखडली, जुनी लाइन उघडी पाडली. पार्किंगमध्ये पोरं रोज संध्याकाळी लंगडी, पकडापकडी खेळायची. मी खेळ बंद केला. त्या चिखलात खेळून आणखी थर चढायला नको. पोरं आपापल्या घरी, आपापल्या मोबाइलवर.

टाकीचं पाणी प्यायलाही बंद. जुळ्यांच्या आईने विचारलं, "मग मुलांनी प्यायचं काय?"

त्याचीही सोय केली मी. माझ्या मित्राची थंड पेयांची एजन्सी आहे. केशरी सरबताच्या बाटल्यांचे क्रेट मागवले आणि जिन्याखाली रचून ठेवले. बाटलीबंद, कारखान्यातून आलेलं, आमच्या टाकीशी काडीचा संबंध नसलेलं. पोरांना म्हटलं, तहान लागली की घ्या. अहो, पोरांनी मला देव केलं! लिफ्टमध्ये भेटलो की "थँक्यू काका". सईसुद्धा सोफ्यावर बाटली घेऊन हसत बसायची, आणि मला वाटायचं, चला, लेक हसली तरी.

पाणी तपासायला दिलं होतं, त्याचा निकाल आला. पिण्यास योग्य. मी म्हणालो, "नमुना नीट घेतला नसेल."

देवरे सर माझ्याकडे नुसतं बघत राहिले. गणितात नापास होणाऱ्या मुलाकडे ते असंच बघत असणार.

शेवटी मी रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग बोलावली. म्हटलं, आता आरपार. मनीषाने सुचवलं, "अहिरे मॅडमना बोलवू या. मुलांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी सांगितलं की सगळ्यांना पटेल." मी खूश. मला वाटलं, बायको एकदाची माझ्या बाजूने आली. साक्षीदार मिळाला! ती मागच्या मागे मॅडमशी सगळं बोलून आली होती, हे मला कुठे माहीत?

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. उखडलेल्या फरशीवर सतरंजी टाकली. समोसे मागवले, गरम जिलेबी मागवली, सरबताचे क्रेट होतेच. मॅडम यायच्या आधी मी उभा राहिलो आणि एक ठराव मांडला. मुलांच्या मानांना जो कोणी जबाबदार ठरेल, त्याने मुलांचं नुकसान भरून द्यावं.

देवरे सरांनी चष्मा वर केला. "जो कोणी?"

"जो कोणी. मग तो आपल्यातला का असेना." माझा रोख सरळ सरांवर होता. टाकी त्यांच्या ताब्यात ना.

सगळ्यांनी हात वर केले. सरांनीही केला. माझे तर दोन्ही हात वर होते.

एवढ्यात अहिरे मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज मऊ. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?"

मी पाण्याचा माणूस, लगबगीने उठलो, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पाणी नव्हतंच! पाण्यासाठी बोलावलेल्या मीटिंगला घोटभर पाणी नाही. मी बाटली पुढे केली. "मॅडम, हे घ्या. टाकीचं पाणी आम्ही बंद केलंय."

"आणि मुलं काय पितात?"

"हेच. एकदम शुद्ध."

देवरे सर हळूच उठले, घरून तांब्या-भांडं घेऊन आले. म्हणाले, "टाकीचंच आहे." मॅडम भांडंभर पाणी शांतपणे प्यायल्या आणि त्यांनी आणखी मागितलं. माझ्या केसचं तिथेच पाणी पाणी झालं होतं, पण मला दिसेल तर शपथ.

मी टाळ्या वाजवून पोरांना हाक मारली. "चला रे, मॅडमकडे पाठ करून रांगेत उभे राहा."

सई मनीषाच्या मागे सरकली. दोन्ही हातांनी केस मानेवर घट्ट धरून.

"नको," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच आवाज थोडा कडक झाला. "मुलांची मान मी अशी सगळ्यांसमोर बघत नसते. मोठ्यांपैकी कोणी या."

"मी आहे ना!" मी पुढे झालो. "मी याच पाण्याने आंघोळ करतो. बघा, मोठ्यांना काही होत नाही. कातडी जून झाली की क्षार चढत नाहीत." कॉलरचं बटण काढलं, कॉलर खाली ओढली आणि लोकांकडे पाठ केली.

मग मनीषाचा आवाज आला. "अहो, तुमची तर तिच्यापेक्षा काळी आहे."

अहो, स्वतःची मान मागून कोण बघतो? मी तर बारा महिने कॉलरचा शर्ट घालणारा माणूस. पण मी डगमगेन तर ना! मी गर्रकन वळलो. "बघा! आता मोठ्यांवरही चढायला लागलं! म्हणजे पाणी किती खराब असेल!"

मॅडमनी विचारलं, "पॅन्टची कंबर किती तुमची?"

मला वाटलं, बाईंनी विषय बदलला. "चौतीस."

"पोटावरून की पोटाखालून?"

"खालून," असं मनीषाच म्हणाली, आणि खुर्च्यांमधून हसू फुटलं.

"बीपी?"

"थोडं असतं. गोळी लिहून दिली होती, घेत नाही."

"साखर तपासली आहे?"

"नाही. निघाली म्हणजे?"

"घरात कोणाला?"

"वडिलांना होती."

मॅडमनी मान हलवली. मग त्या मुलांकडे वळून बोलल्या, मोठ्यांकडे नाही. म्हणाल्या, "हा मळ नाही. क्षारही नाहीत. आपण खातो त्यातली साखर शरीरात पोहोचवायला इन्सुलिन असतं. पोटावर चरबी वाढली, पळणं-खेळणं कमी झालं, की शरीर त्याचं ऐकेनासं होतं. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणखी सोडतं. त्या जास्तीच्या इन्सुलिनने मानेची, काखेची कातडी जाड होते, काळी पडते. ही आतून आलेली सूचना आहे. दगडाने घासली तरी जायची नाही."

जुळ्यांच्या आईने घाबरून विचारलं, "म्हणजे मुलांना शुगर झाली?"

"नाही. बहुतेकांना नसेलही. पण असंच चालू राहिलं तर शुगर, बीपी, रक्तातली चरबी, सगळं हातात हात घालून येतं, आणि हल्ली लवकर येतं. आत्ता कळलं हे चांगलं आहे, आत्ता मागे फिरवता येतं. एकेकाने दवाखान्यात या. पोट मोजू, बीपी बघू, लागलं तर रक्त तपासू. आणि कुणाला उपाशी ठेवू नका, वाढीची मुलं आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं, तुम्ही इतक्या दिवसांत काय काय उपाय केले?"

मी सांगितलं. हो, तेव्हाही सांगितलं, आणि जरा ऐटीतच सांगितलं. पाणी बंद केलं. सरबत सुरू केलं. खेळणं थांबवलं. मुलांना घरात बसवलं.

मॅडमनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "निकम साहेब, हा आजार मुलांना लवकरात लवकर कसा लावावा, असं मला कोणी विचारलं असतं ना, तर मी अगदी हेच सांगितलं असतं."

हसावं की रडावं, लोकांना कळेना. मला तर सतरंजीखालच्या खड्ड्यात शिरावंसं वाटलं. खड्डाही मीच खणलेला.

तेवढ्यात सई मनीषाच्या मागून पुढे आली. मॅडमना म्हणाली, "म्हणजे मी घाणेरडी नाहीये?"

"अजिबात नाही, बाळा. तू स्वच्छच आहेस. तुला कोणी काही म्हणालं तर मला सांग, मी शाळेत येऊन बोलेन."

माझी आई मागच्या खुर्चीवरून उठली. "माय वो, मी पोरीले वजरीनं घासं," म्हणाली आणि सईला छातीशी धरून रडायला लागली. सईने केस सोडले. इतक्या दिवसांत तिचे हात पहिल्यांदा मानेवरून खाली आले. माझे डोळे भरून आले, आणि ते पाणी तरी कोणी तपासायला मागितलं नाही.

मला वाटलं, संपलं एकदाचं. पण देवरे सर उठले. घसा साफ केला.

"एकमताने मंजूर झालेला ठराव आहे," ते म्हणाले. "जो कोणी जबाबदार ठरेल त्याने मुलांचं नुकसान भरून द्यावं."

"सर, तसं बघितलं तर सगळ्यांच्याच घरी..." मी म्हणालो.

"तसं बघितलं तर खरंच सगळ्यांच्या घरी. ते आपण सगळे बघू. पण मुलांचा खेळ तुम्ही बुडवलात. तो तुम्ही भरून द्या. फरशी बसवून घ्या आणि रोज संध्याकाळी मुलांना खेळवा. बसून नाही. खेळून."

लोकांनी पुन्हा हात वर केले. समोसे तसेच राहिले. जिलेबीकडे मात्र मी एकदा बघितलं, खोटं कशाला बोलू.

आता घरचं सांगतो. सईचे रिपोर्ट काठावर होते. माझे काठ ओलांडून पार पलीकडे. मॅडम म्हणाल्या, एकट्या मुलीसाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही, घर बदलायचं. सरबताचे क्रेट मित्राकडे परत गेले. आईने वजरी सोडून परात हातात घेतली, बाजरीची भाकरी रोज. पोरं आता बाटलीत साधं पाणी नेतात. रविवारची मिसळ आम्ही सोडली नाही, नाशिकच्या माणसाला तेवढं सांगू नका. पण चालत जातो, आणि जिलेबीच्या कढईकडे पाठ करून बसतो. सई लवकर झोपते, कारण संध्याकाळी खेळून दमलेली असते.

सई नाचली गॅदरिंगमध्ये. अंबाडा घालून. मानेवरचा पट्टा तेव्हा अजून होता, असं एका महिन्यात जात नाही ते. मागच्या बाकावरची ती मुलगी ग्रीनरूममध्ये बघून काहीतरी बोललीच. तर आमची सई तिला म्हणाली, "हा मळ नाहीये, इन्सुलिन आहे. कमी होतंय. तुझ्या बाबांची कॉलर खाली करून बघ."

त्या मुलीने घरी जाऊन बघितली. तिचे बाबा दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले, मान घेऊन. मी त्यांना पाण्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

आणि माझी शिक्षा? चालू आहे. रोज दुकान बंद करून पार्किंगमध्ये हजर. पहिल्या दिवशी लंगडीचे दोन संघ पडायचे होते. मी उगाच दंड वगैरे हलवून तयार. ओमने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काकांना तुमच्याकडे घ्या." जुळी म्हणाली, "नको, तुमच्याकडे घ्या." चांगली वादावादी झाली. शेवटी सई पुढे आली. मला वाटलं, रक्ताचं नातं शेवटी, लेक बापाला आपल्या संघात घेणार.

सई म्हणाली, "भांडू नका. बाबांना कच्चा लिंबू करू या."

तेव्हापासून मी कच्चा लिंबू. दोन्हीकडून खेळतो, मला बाद करत नाहीत, माझा गुण धरत नाहीत. तळमजल्यावरची बालवाडीतली परी आणि मी, असे आम्ही दोघं कच्चे लिंबू होतो. परवा परीला पक्कं केलं.